एकशे दहा सेकंद

रात्री दीड वाजता मी फुगा सोडते.
सोदानक्यूलेच्या हवामान केंद्रात हेच माझं काम.
आज वडीलही आलेत सोबत,
उत्सयोकीहून, डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी.
पायात रेनडिअरच्या कातड्याचे बूट, हात खिशात
आणि तोंड नेहमीसारखं मिटलेलं.

फुगा माझ्याहून उंच, पांढरा, थरथरता.
दोरीच्या टोकाला मुठीएवढी डबी;
आता दोन तास तीच मला कळवत राहणार
किती थंडी, किती ओल, वारा कुठून कुठे.
हात सैल केला.
गेला.

कुणीतरी बोलायला हवं म्हणून मी बोलते.
हा खालचा थर, आह्ची.
ढग, बर्फ, धूर, शेजारणीच्या भाजलेल्या माशांचा वास,
सगळं ह्याच्याच पोटात.
इकडे ध्रुवाजवळ तो बुटका, नऊएक किलोमीटर,
थंडीनं कुणी अंग चोरून बसावं तसा.

त्याच्या वर कोरडी, निवांत हवा,
ओझोन तिथलाच.
तिथे फुगा फुगत जातो,
बाहेरचं दडपण सुटतं ना!
मोटारीएवढा होतो, मग खोलीएवढा,
आणि तिसाव्या किलोमीटरच्या आसपास
फुटतो.
कुणाला ऐकू येत नाही.
माझ्या पडद्यावरची रेघ तेवढी खाली वळते.

माझी पोच तिथवर.
पुढचा थर सगळ्यांत गार, उल्का तिथे जळून जातात;
फुग्यांना तो फार वर, उपग्रहांना फार खाली,
ज्याच्या त्याच्या हातून सुटलेला.

"आणि ते?"
वडील हनुवटीनं दाखवतात.

उत्तरेला हिरवं उठलंय.
आधी नुसता पुसट डाग, वाटावं ढगच आहे,
मग अचानक लांबच लांब,
गोठलेल्या काचेवरून कुणी ओलं बोट ओढत न्यावं तसं.
गुओव्साहास, आमच्या भाषेत.
ऐकू येणारा उजेड.
त्याच्याकडे बघून शीळ घालायची नाही,
हे मला चालता येण्याआधी कळलं होतं.

शंभर किलोमीटरच्या वर आहे ते, मी सांगते.
सूर्याकडून निघालेले कण येऊन आदळतात,
ऑक्सिजनचा अणू दचकतो,
आणि सेकंदाच्या आत हिरवं बोलून मोकळा होतो.
पण त्याच अणूला लाल बोलायचं असेल
तर एकशे दहा सेकंद लागतात.
खाली गर्दी. तेवढ्यात कुणीतरी धक्का देतंच,
आणि जे सांगायचं होतं ते
न उजळताच विरून जातं.
म्हणून लाल फक्त फार वर, दोनशेच्याही पलीकडे,
जिथे शेजारी असा कुणी नाहीच.

बोलता बोलता मी थांबले.

आमच्या घरात वडील तोंड उघडायचे
आणि नेमकी आई कॉफी ओतायला उठायची,
भाऊ अंगणात स्नोमोबाइल सुरू करायचा,
मी शाळेतलं काहीतरी सुरू करायचे.
चाळीस वर्षं आम्ही त्यांना
धक्के देत आलो, प्रेमानं.

मी गप्प राहिले.
उणे एकतीस. पापण्या चिकटत होत्या.
मनात आकडे मोजत होते, साठ, सत्तर,
एकदा चुकले, परत साठपासून धरले.
दूर कुणाचा कुत्रा भुंकला, थांबला.

"वसतिगृहाच्या खिडकीतून दिसायचं हे,"
वडील म्हणाले.
"सात वर्षांचा होतो. आपली भाषा बोलायची बंदी.
फिनिश येत नव्हती.
मग मी कुणाशी बोलणार."

मी काही विचारलं नाही.

"एका रात्री शीळ घातली.
मोठ्यानं.
म्हटलं, येऊ दे खाली. घेऊन जाऊ दे मला."

मग खूप वेळानं,
"आलं नाही."

हिरव्याच्या बऱ्याच वर
अंधार किंचित तांबूस झाला होता,
किंवा मला तसा वाटला; त्यांना मी विचारलं नाही,
त्यांच्या डोळ्यांचं उद्या डॉक्टर बघणारच होते.
आत पडद्यावर फुगा अजून चढत होता.
मी बघायला गेले नाही.